जावयाचा दर

सभागृहात खुर्च्या लग्नातल्यासारख्या मांडल्या होत्या. मधून जायला वाट, डावीकडे एक पक्ष, उजवीकडे दुसरा, आणि समोर व्यासपीठावर दिल्लीहून आलेले दोन साहेब. फक्त हातात अक्षतांच्या जागी निवेदनं होती. डावीकडे काजूचे बागायतदार, उजवीकडे कारखानदार. डावीकडच्या पहिल्या रांगेत माझे वडील बसले होते, उजवीकडच्या पहिल्या रांगेत माझे यजमान. मी दारात उभी होते आणि बसायचं कुठं ते मला कळत नव्हतं.

आमच्या सिंधुदुर्गात काजूवरून भांडणं नवी नाहीत, पण ती बांधावरची असायची. हे भांडण थेट समुद्रापलीकडचं होतं. माझे वडील, आबा राऊळ, यांची काजूची बाग. बागेतून निघते ती बी. ती भाजून, फोडून, सोलून गर काढायचा तो कारखान्यात. असा कारखाना माझ्या यजमानांचा, सदानंद पेडणेकरांचा. बाग पिकते फेब्रुवारी ते मे. कारखान्याला मात्र बारा महिने बी लागते, म्हणून ती आफ्रिकेतून बोटीनं यायची, आणि इथल्यापेक्षा स्वस्त पडायची. आबांचं म्हणणं, त्या परदेशी बियेवर जकात बसवा, नाहीतर आमच्या बियेला विचारतो कोण? यांचं म्हणणं, जकात बसली तर पावसापासून थंडीपर्यंत कारखान्याला कुलूप. ते ठरवायला दिल्लीहून समिती आली होती.

गंमत अशी, की वर्षभरापूर्वी परदेशातून तयार गर यायला लागला, तेव्हा त्याच्यावर जकात लावा म्हणून हेच आमचे यजमान तालुकाभर सह्या गोळा करत फिरत होते. आणि आबा, ज्यांना परदेशी बियेचं नाव काढलं की ठसका लागायचा, ते बागेत चिनी बनावटीचा फवारणी पंप वापरायचे, कारण तो स्वस्त होता. मी दोन्ही घरांत राहिले होते, त्यामुळे मला दोघांचंही म्हणणं खरं वाटायचं. दोघांचं खरं वाटणाऱ्या माणसाशी कुणी फारसं बोलत नाही, हे मला तोवर कळून चुकलं होतं.

तसंही माझ्याशी बोलणार कोण होतं? लग्नाला नऊ वर्षं झाली होती, घरात मूल नव्हतं. सासूबाई गेल्या, सासरे त्याआधीच गेले होते. हे सकाळी कारखान्यात जायचे ते दिवेलागणीला परत. मोठ्या घरात मी आणि रेडिओ. माहेरी आई नव्हती, भाऊ नव्हता, माहेर म्हणजे आबा. महिन्यातून एकदा एसटीनं जायचे, त्यांच्यासाठी गुळाचा चहा करायचे, बागेत त्यांच्या मागून हिंडायचे आणि तेवढ्यावर महिना काढायचे. त्या समितीशी, जकातीशी मला काही घेणंदेणं नव्हतं. ही सभा आटोपल्यावर माझं माहेर शिल्लक राहावं, एवढंच मला हवं होतं.

आदल्या दिवशी जेवताना हे म्हणाले होते, "उद्या तू पण चल. चार शब्द बोल. बागायतदाराची लेक कारखान्याच्या बाजून बोलता, असा दिसला तर सायबावर परिणाम होतलो."

"आणि आबांवर?"

"आबांवर काय परिणाम होवचो? ते माका ओळखतत." यांनी भाताचा घास घेतला आणि विषय संपला.

म्हणून मी दारात उभी होते. मला बघून आबा उठून आले. धुतलेलं धोतर, वर कोट, कोटाच्या खिशात भाषणाचा कागद. त्यांना कागदाशिवाय बोलता यायचं, पण दिल्लीच्या साहेबांसमोर हातात कागद असला की बरं दिसतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"इलंस?"

"इलंय."

"बरा केलंस. बस खंय तरी."

'खंय तरी' म्हणताना त्यांनी ना डावीकडे बघितलं, ना उजवीकडे. मी कुठं बसते ते त्यांना बघायचं होतं. तिकडून हेही बघतच होते.

मी कोपऱ्यातली एक प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि भिंतीशी, पाण्याच्या पिंपाजवळ बसले. तिथं आमच्या कारखान्यातली जयवंती फरशीवर पाय पसरून बसली होती. तिची बोटं काजूच्या तेलानं कायमची काळी झालेली. देवाला हळदकुंकू वाहतानाही ती काळीच दिसायची.

"तू खंयच्या बाजून गो?" मी विचारलं.

"माका दोनय बाजू, वैनी." तिनं आवाज खाली आणला. "डोंगरात माझी चाळीस झाडा आसत. बियेक दर इलो तर माका बरा. पण कारखानो बंद पडलो तर माका पोसतलो कोण? म्हणान मी हय बसलंय. जो जिंकतलो तेच्या बाजूक जाऊन टाळ्यो वाजवतंय."

सबंध सभागृहात माझ्यासारखी आणखी एक होती तर. पण ती निदान खुशीत होती.

सभा सुरू झाली. साहेबांसमोर बशीत भाजलेले काजू ठेवले होते. मोठे साहेब एकेक तोंडात टाकत होते. "बहुत बढ़िया काजू है," ते हिंदीत म्हणाले. "यहीं का है न?"

बशी ठेवली होती कारखानदार संघानं. उजवीकडचे सगळे एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागले. डावीकडून कुणीतरी ओरडलं, "तो आफ्रिकेचो, सायबानू! आमचो खावन बघा, मगे बोला!" हशा पिकला. तहसील कचेरीतले एक भाऊसाहेब दुभाषी म्हणून बसले होते, त्यांनी भाषांतर केलं, "सर, ये कह रहे हैं, हाँ." मग छोटे साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "बहनजी, ज़रा पानी दीजिए." पिंपाजवळ बसलेली बाई म्हणजे पाणी देणारीच असणार. मी उठले, दोन पेले भरून नेऊन दिले. आबांनी मान फिरवली. यांचे कान लाल झाले. मला मात्र बरं वाटलं, कारण तेवढा वेळ मला करायला काहीतरी काम होतं.

आबा बोलायला उठले. कागद खिशातच राहिला.

"सायबानू, मी चाळीस वर्सा काजू करतंय. ह्या कारखानदारांची एक खोड आसा. हंगाम सुरू होवच्या आदी गोदामा परदेशी बियेन भरून ठेवतत. आमी बी घेवन दारात गेलो की म्हणतत, आमका गरज नाय, व्हया तर ह्या दरान घाला. आमची बी काय साठवन ठेवची वस्तू न्हय. पावस लागलो की बुरशी. म्हणान आमी पडेल दरान घालतो. ह्येका व्यापार म्हणतत? ह्येका अडवणूक म्हणतत. म्हणान आमी यंदा शपथ घेतली हा, की आमच्या बागायतदार संघान ठरवलेल्या दराखाली एकानय बी घालूची नाय."

डावीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. भाऊसाहेबांनी सगळ्याचं एका वाक्यात भाषांतर केलं. "सर, इनको ड्यूटी चाहिए."

मी यांच्याकडे बघत होते. हे खरंतर भांडखोर माणूस नव्हेत. बाजारात भाजीवालीशी घासाघीस करायलाही लाजतात. पण आबांनी 'ह्या कारखानदारांची' म्हणताना हात उजवीकडे केला होता, आणि तो हात नेमका पहिल्या रांगेवर, यांच्यावर, थांबला होता. हे उठले. हातातलं निवेदन खुर्चीवरच राहिलं.

"साहेब, सगळे कारखानदार तसे नाहीत," हे शुद्ध मराठीत म्हणाले. साहेबांसमोर यांची मराठी नेहमी शुद्ध व्हायची. "आत्ता बोलले ते माझे सासरे आहेत. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांनीच सांगावं, मी कधी त्यांना पाडून दर दिला का? नऊ वर्षं त्यांची बी माझ्याकडे येते. नऊच्या नऊ वर्षं मी त्यांना बाजारापेक्षा जास्त दर दिलाय. गोदाम भरलेलं असतानासुद्धा."

आबा अजून उभेच होते.

"जास्त?" ते म्हणाले.

हे खुर्चीवरचं निवेदन चाचपायला लागले. आपण काय बोलून गेलो ते त्यांना तेव्हा कळलं असावं.

इथं सांगायला हवं, की जावयाला दर विचारायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. जावई म्हणजे दारात पूजलेला माणूस, त्याच्याशी घासाघीस कसली करायची? लग्नानंतर आबांनी आपली सगळी बी आमच्या कारखान्यात घातली आणि दर कधी विचारला नाही. टेम्पो फाटकाशी आला की पोती उतरायची, वजन व्हायचं, दिवाणजी पैसे घरी पोचवायचे, आबा ते न मोजता देवासमोर ठेवायचे. हंगामाच्या शेवटी हिशेब बरा दिसला की म्हणायचे, "माझी बी भरीव, म्हणान दर गावता." शेजारपाजारच्यांना तेच सांगायचे, खत कसं घालायचं, कलम कुठलं लावायचं ते शिकवायचे. लोक त्यांचं ऐकायचे. बागायतदार संघाचे अध्यक्ष ते त्यामुळेच झाले होते.

मागच्या रांगेतून बाबल गावडे उठला. ह्याची बाग आबांच्या बागेला लागून.

"असा तर!" तो म्हणाला. "आबानू, तुमका जावयाचो दर! आणि आमका सांगतास, शपथ घेवा, दराखाली बी घालू नकात. आमचो जावय नाय कारखान्यात, आमी काय करूचा?"

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले, डावीकडचेही. ते हसणं काही दुष्ट नव्हतं. लग्नात विहिणीची चेष्टा करतात तसलं होतं. पण आबांचा चेहरा मी पाहिला. चाळीस वर्षं झाडं लावलेला माणूस, आपल्या बियेच्या दर्जावर ताठ उभा राहिलेला, त्याला भर सभेत कळलं की तो दर्जा नव्हता, ती जावयाची माया होती.

खोटं कशाला सांगू, पहिला एक क्षण मला आनंद झाला. हा माणूस नऊ वर्षं माझ्या वडिलांना गुपचूप दोन पैसे जास्त देत होता आणि घरी एका शब्दानं बोलला नव्हता. मी रेडिओ ऐकत बसायचे त्या घरात माझ्यावर कुणाचा एवढा जीव होता, हे मला त्या सभागृहात कळलं. दुसऱ्या क्षणी मला आबा दिसले आणि आनंद कुठल्या कुठं गेला.

मोठ्या साहेबांना भाऊसाहेबांनी कानात सगळं सांगितलं असावं. ते पुढं वाकले. त्यांना हे सगळं फार गमतीचं वाटत होतं.

"तो ये बहनजी बेटी हैं?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आप बताइए. क्या आपके पति आपके पिताजी को ज़्यादा रेट देते थे?"

सगळे मान वळवून बघायला लागले. मी उठून उभी राहिले. माझ्या हातात रिकामा पेला होता.

मी 'हो' म्हणाले असते तर हे खरे ठरले असते, आणि आबांना वाटलं असतं की मुलीनं वशिला लावला. 'नाही' म्हणाले असते तर हे भर सभेत खोटे पडले असते. मी खरं तेच सांगितलं.

"मला माहीत नव्हतं."

हे खाली बसले. नऊ वर्षांचं गुपित उघड करून त्यांना माझ्याकडून एका शब्दाची साक्ष हवी होती आणि मी ती दिली नव्हती. आबाही बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते अशा नजरेनं, की मला कळलं, त्यांचा विश्वास बसला नाही. सभा पुढं चालू राहिली. कुणी आकडे वाचले, कुणी निवेदनं दिली, चहा झाला. बशीतले काजू संपले होते.

बाहेर पडताना मी आबांना शोधत होते. ते केव्हाच एसटी स्टँडकडे निघून गेले होते, एकटे. एरवी त्यांच्याभोवती दहा जण असत.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये आम्ही दोघंच होतो. गाडी घाट उतरली.

"माका तरी सांगूचा होता," मी शेवटी म्हणाले.

"तुका सांगितला असता तर ते उपकार झाले असते." यांची नजर रस्त्यावर होती. "तुझो बापूस म्हणान दिलंय. बापाशीक उपकार करतत काय कोण?"

"मगे आज कित्याक बोललात?"

"तेनी हात केल्यानी माझ्यार. सगळ्यांदेखत." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "तू नुसता 'हो' म्हटला असतंस तर चलला असता."

"माका म्हायतच नव्हता तर कसा म्हणू?"

"माका ठाव आसा," ते म्हणाले. त्या रात्री जेवताना त्यांनी मीठ मागितलं, एवढंच.

त्या महिन्यात मी माहेरी गेले नाही. गेले असते तर आबा काही बोलले नसते, आणि तेच मला सोसलं नसतं. फोन आबांच्या शेजारी होता; केला तर तिथली मुलगी उचलायची, सांगायची, आबा बागेत आहेत. आबा दिवसभर बागेत असणं खरंच होतं, पण पूर्वी ते हातातलं टाकून यायचे.

मार्चच्या मध्यावर एका सकाळी टेम्पोचा हॉर्न ऐकू आला. तो हॉर्न मी ओळखायचे. मी पदर सावरत कारखान्याच्या फाटकाकडे धावले. घर आणि कारखाना एकाच आवारात, मध्ये फक्त वाळवणाचं अंगण. आबा टेम्पोतून उतरत होते. दरवर्षी उतरून ते फाटकाबाहेरच्या फणसाखाली उभे राहायचे; आत यायचे नाहीत. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही जुनी रीत ते पाळत होते. मी कळशी घेऊन गेले तरी हसून म्हणायचे, "नातवाच्या हातचा पितलंय." सुरुवातीला त्या बोलण्याची मला लाज वाटायची. मग दुःख व्हायला लागलं. पुढं पुढं तर त्यांचं ते न पिणंच मला आपलं वाटायला लागलं, कारण माझ्या बाबतीत अजून आशा धरून बसलेलं जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं.

त्या दिवशी ते फणसाखाली थांबले नाहीत. सरळ फाटकातून आत आले, अंगण ओलांडून काट्यापाशी गेले, जिथं इतर बागायतदार रांगेत उभे होते. बाबल गावडेही होता. हे लगबगीनं पुढं झाले.

"आबा, तुमी कित्याक रांगेत? दिवाणजी, हेंची पोती आदी घेवा."

"रावांदे," आबा म्हणाले. "माझो नंबर येवंदे."

नंबर आला. काट्यावर पहिलं पोतं चढलं. आबांनी कोटाच्या खिशात हात घातला, बाहेर काढला, आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

"दर काय काढल्यात, पेडणेकरांनू?"

नऊ वर्षं ते यांना 'जावयबापू' म्हणत आले होते. यांच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

"आबा, दराचा आपण मागीर बघू..."

"मागीर नको. आता सांगा."

"तुमका काय दर विचारूचो..."

"सगळ्यांका जो दर, तोच माका लावा. एक पैसो जास्त नको, एक पैसो कमी नको. जास्त दिलात तर पोती टेम्पोत परत भरतलंय." मग बाबल गावड्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस मा?" बाबल खाली बघायला लागला.

यांनी दर सांगितला. संघानं ठरवलेल्या दराला तो जेमतेम टेकत होता. आबांनी तो सगळ्यांसाठीच वाढावा म्हणून थोडी घासाघीस केली, सगळे करतात तशी. बियेचे चार दाणे हातावर घेऊन दाखवले, वजन करून बघा म्हणाले. यांनीही नाइलाजानं परदेशी बियेचा भाव सांगितला, गोदाम भरलेलं असल्याचं सांगितलं. तेच ते शब्द, जे आबांनी साहेबांना सांगितले होते. माझे वडील आणि माझा नवरा भर उन्हात बाजार करत होते, दोघंही एकमेकांच्या डोळ्यांत न बघता. मी तिथं उभी होते आणि कुणालाच माझी गरज नव्हती.

व्यवहार ठरला. पोती उतरायला लागली. मी आबांजवळ गेले.

"आबा, माका खराच म्हायत नव्हता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यांच्या डोळ्यांत. रागावले असते तर मी पाया पडले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं.

"म्हायत असता तर काय केला असतंस?" त्यांनी विचारलं.

मला माहीत असतं तर मी खूश झाले असते आणि गप्प बसले असते. ते मला कळलं तसं त्यांनाही कळलं.

"ऊन खूप आसा," ते म्हणाले. "चाय हाड गो. घेतंय मी आज."

अंगणातली माणसं ऐकत होती. बी फोडणाऱ्या बायांचे हात थांबले. जयवंतीनं तोंडावर हात ठेवला. गावातल्या प्रत्येकाला ती रीत ठाऊक होती. आबा माझ्या घरचा चहा मागत होते, जसा कुठलाही बागायतदार सौदा झाल्यावर कारखान्यात मागतो. वाट बघायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

"आबा, नको," मी म्हणाले. "तुमी पिणा नाय ना हय."

"बापूस पिणा नाय," ते म्हणाले. "मी बी घालूक इलंय."

मी घरात गेले. चूल पेटवली. फडताळात गुळाची ढेप होती. घरात गूळ कुणी खायचं नाही, पण मी ठेवायचे, उगाच. सुरीनं गूळ काढला, आलं ठेचलं, माहेरी करते तसा चहा केला. नऊ वर्षं माझ्या घरात न झालेला चहा. कपबशी घेऊन अंगणात आले. आबा बाकावर इतरांच्या रांगेत बसले होते. त्यांनी कप तोंडापाशी नेला, वास घेतला आणि परत बशीत ठेवला.

"गुळाची कित्याक?" ते हळूच म्हणाले. "सगळ्यांका दितंस ती दी."

सगळ्यांचा चहा कारखान्याच्या किटलीत होता. साखरेचा, सकाळी केलेला, दोनदा उकळून कडवट झालेला. मी तो काचेच्या पेल्यात ओतला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो शेवटपर्यंत प्यायला, इतरांबरोबर पावसाच्या अंदाजाबद्दल बोलत. पेला बाकाखाली ठेवला, दिवाणजींकडून पावती घेतली, आणि टेम्पोत बसून गेले. गुळाचा चहा मी मोरीत ओतला. हे दारात उभे राहून बघत होते. जवळ यावं की नाही हे त्यांना कळत नव्हतं, आणि मलाही सांगता येत नव्हतं.

पुढं दिल्लीचा निर्णय आला. थोडी जकात बसली, थोडी सूट मिळाली, आणि दोन्ही पक्षांनी आपण हरलो म्हणून सभा घेतल्या. आबांची संघातली खुर्ची राहिली. लोक आता त्यांना पूर्वीपेक्षा जास्त मानत होते. जावयाच्या दारात रांगेत उभा राहिलेला माणूस, म्हणून त्यांचं नाव झालं होतं. त्या गणपतीत माहेरचं बोलावणं आलं नाही. दिवाळीत आलं नाही. मी एकदा आपण होऊन गेले, तर आबांनी माझी विचारपूस केली, कारखाना कसा चाललाय ते विचारलं, आणि शेवटच्या एसटीच्या आधी मला स्टँडवर आणून सोडलं. मी चहा करायला उठले, तेव्हा म्हणाले, झाला माझा.

पुढच्या मार्चमध्ये टेम्पो आला. आबा उतरले, रांगेत उभे राहिले, दर विचारला. मी किटलीतला चहा काचेच्या पेल्यात ओतून, न विचारता, त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो घेतला आणि शेजारच्या माणसासाठी बाकावर सरकून जागा केली.